कुटुंबवाल्यांचे पलंग

आमच्या घरात अंदाज मी काढते. आमचे हे, म्हणजे तलवाड्याचे पाशा मिस्त्री, फळीवर नुसता हात फिरवून लाकूड किती वाळलंय ते सांगतील, पण चार रकमांची बेरीज मांडायची म्हटली की त्यांना एकदम तहान लागते. त्यामुळे लग्न झाल्यापासून माप ते घेतात आणि हिशेब मी करते. ठेकेदार लोक घराचा नकाशा मोबाईलवर पाठवतात आणि विचारतात, "रुकसानाभाभी, आतलं सगळं सामान कितीपर्यंत जाईल?" मी सांगते. आजवर माझा आकडा कुणी खोटा पाडला नव्हता आणि त्याचा मला चांगलाच गर्व होता. झाकून कशाला ठेवू.

यंदा मात्र गर्व करायला काम उरलं नव्हतं. नगरहून तयार कपाटं येतात, सोफे लोक मोबाईलवर मागवतात, रंधा मारणारा माणूस कुणाला नको झालाय. मी सांगते त्या दिवशी हे चाकणला गेले होते. तिथल्या एका फर्निचरच्या कारखान्यानं त्यांना सोमवारपासून हजर व्हा म्हणून सांगितलं होतं आणि होकार-नकार संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. आष्टीचं काम मिळालं तर नकार, नाही मिळालं तर आमच्या दुकानाला कुलूप. पन्नाशी उलटलेल्या माणसानं पोरासोरांच्या बरोबरीनं मशीनपुढं उभं राहायचं आणि एका खोलीत पाच-सहा जणांत अंग टाकायचं. मला ते नको होतं. त्यांनाही नको होतं, पण ते बोलून दाखवणाऱ्यातले नाहीत.

आष्टीचं काम असं होतं. सौरऊर्जेची एक कंपनी तिथल्या माळावर आपल्या माणसांसाठी वसाहत बांधणार होती. चाळीस घरं कुटुंबवाल्यांची आणि शिवाय एकट्या माणसांसाठी खोल्या. बांधकाम आणि आतलं सामान, दोन्हीचा मिळून एकच आकडा ठेकेदारानं बंद पाकिटात द्यायचा, सामानाच्या पानावर सामान करणाऱ्याची सही हवी. सामानात काय काय हवं याची यादी कंपनीनं दिलीच नव्हती. 'घर राहायला तयार करून द्यावे' एवढंच लिहिलं होतं. आणि खाली बारीक अक्षरात, काही राहून गेलं तर ते ठेकेदारानं पदरचं घालावं.

चकलांब्याचे ठेकेदार भारतभाऊ कितीतरी वर्षं आमच्याकडून दारं-खिडक्या घेतात. सामानाचा अंदाज त्यांनी मला करायला सांगितला. पान तयार झालं, त्यावर माझी सही झाली, पाकीट बंद झालं. नमुन्याबद्दल काही विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी हवं, म्हणून सनमायक्याचे तुकडे आणि फोमचे चौकोन पिशवीत भरून मी त्यांच्या गाडीत बसले. तीन वाजता पाकिटांची पेटी बंद होणार होती.

बीड मागं टाकून घाट चढलो, तोच पुढं एक टेम्पो लागला. लग्नाचं सामान होतं. खाली कपाट आडवं, त्यावर पलंग उलटा, चारी पाय वर आणि पायांना लाल रिबिनी, बाजूला दोरीनं बांधलेलं आरशाचं टेबल. आरशात आमचीच गाडी दिसत होती. भारतभाऊ हॉर्न वाजवत होते. मी आपली धंद्याच्या नजरेनं पलंगाकडं बघत होते, की प्लायचं काम आहे, पॉलिश घाईत मारलंय. आणि बघता बघता मला पाकिटातलं माझं पान आठवलं.

माझ्या अंदाजात पलंग नव्हते.

एकट्या माणसांच्या खोल्यांना मी लोखंडी कॉट धरले होते, त्यातला एकही चुकला नव्हता. कुटुंबवाल्यांच्या घरांना सोफा होता, टीपॉय होता, जेवणाचं टेबल, ओट्याखालच्या ट्रॉल्या, पडदे, पडद्यांच्या दांड्या, अगदी चपला ठेवायचा स्टँडसुद्धा होता. पलंग नव्हता, कपड्यांचं कपाट नव्हतं, आरसा नव्हता. याला विसरणं तरी कसं म्हणू, तो विचारच मुळी डोक्यात आला नव्हता. आमच्या दुकानातून आजवर जेवढे डबल पलंग गेले, ते सगळे पोरीच्या बापानं नेले. घर बांधणारा कधी पलंग सांगत नाही. तो सोफा सांगतो, किचन सांगतो, टीव्हीमागची फळी सांगतो. पलंग आणि कपाट सुनेबरोबर येतं. हिंदूंत तसंच आणि आमच्यातही तसंच. लग्न झालेला माणूस म्हटला की त्याचा पलंग आलेलाच असणार, हे माझ्या हातानं मला न विचारताच धरून टाकलं होतं.

चाळीस घरांचे पलंग, कपाटं आणि आरसे. मनातल्या मनात बेरीज केली आणि मला गाडीची काच खाली करावी लागली.

"भारतभाऊ, गाडी थांबवा," मी म्हणाले.

"मळमळतंय व्हय, भाभी?"

"न्हाई. पाकीट फोडावं लागतंय."

त्यांनी एका बाभळीखाली गाडी लावली. मी सगळं सांगितलं, तर आधी त्यांना कळेचना. "मंग? पलंग कावून धरायचे? लग्नात न्हाई आले व्हय त्येंचे?" म्हणाले. म्हणजे ते माझ्याच शाळेतले. कंपनीची माणसं कुठून कुठून बदलीवर येणार, ती काय पलंग डोक्यावर घेऊन येणार आहेत का, असं विचारल्यावर त्यांचा चेहरा उतरला. थोडा वेळ ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. मग चेहरा हळूहळू पुन्हा जागेवर आला, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

"राहू द्या तसंच," ते म्हणाले.

"तसंच म्हंजे?"

"आकडा कमी हाय. काम आपल्यालाच बसतंय. मागनं पलंग मागितले तं देऊ की."

"देणार कोण?"

"अंदाज तुमचा, सही तुमची. तुमीच द्यायचे. मी कुठनं देऊ, भाभी?"

हे ते भांडायच्या सुरात म्हणाले नाहीत. चहाचे पैसे आज तुम्ही द्या, असं सांगावं तसं म्हणाले. एवढे पलंग पदरचे द्यायचे म्हणजे दुकान गेलं, दुकानामागची जागा गेली, आणि मग हे चाकणला सोमवारी गेले नसते, कायमचेच गेले असते. मी त्यांना म्हणाले, आष्टीत कुठंतरी थांबू, पान नवं करू, मी उभ्या उभ्या आकडे देते.

"पलंग धरले तं आपला आकडा सगळ्यांच्या वर जातो," भारतभाऊ म्हणाले. "आष्टीचा त्रिंबक हाय, बीडचे भगवानराव हायत. त्येंचे आकडे कमी निघाले तं मी काय तमाशा बघायला आलतो का?"

"मंग माझं पान मला परत द्या."

"पान काढलं तं पाकीट बाद." त्यांनी पाकीट उचललं आणि मांडीखाली सरकवलं. "लई पुढचं हाय ते. तुमी डोक्याला ताप करून घेऊ नका."

मी बोलणारी बाई आहे. घरात माझं भांडण झालं की गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहतात. पण त्या दिवशी आवाजच फुटेना. राग असता तर फुटला असता, ही भीती होती. यांना फोन लावला तर बंद. कारखान्यात आत जाताना मोबाईल बाहेर ठेवून घेतात म्हणे. दोन्ही बाजूंनी कापूस वेचून झालेली रानं मागं पळत होती आणि मी भारतभाऊंच्या मांडीखालून बाहेर आलेल्या पाकिटाच्या कोपऱ्याकडं बघत होते. या माणसानं आमच्या पडत्या काळात दारांची ऑर्डर दिली होती, ईदला घरी येऊन शीरखुर्मा खाल्ला होता. तो वाईट नव्हता. त्याला फक्त काम हवं होतं, आणि ते माझ्या अंगावरून गेलं तरी चालणार होतं.

कंपनीचं ऑफिस म्हणजे माळावर आणून ठेवलेली मोठी पत्र्याची खोली, आत एसी आणि एक लांब टेबल. टेबलामागं कंपनीच्या इंजिनिअर बबिता मॅडम बसल्या होत्या. तरुण होत्या, बोलण्यावरून नाशिककडच्या वाटत होत्या. समोर कुलूप लावलेली पेटी होती. तोंडात तंबाखू धरून बसलेले ते त्रिंबकशेठ आणि चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचणारे म्हातारे ते भगवानराव, एवढं मला भारतभाऊंनी हळू आवाजात सांगितलं. त्या दोघांनी सामानाचे नमुने आणले होते, सामान करणारा माणूस कुणीच आणला नव्हता. तीन वाजत आले होते.

भारतभाऊंचं पाकीट फोडणं माझ्या हातात नव्हतं. ते एकदा पेटीत पडलं की माझी सही आत आणि मी बाहेर. मी चूक झाली म्हणून रडले असते तरी मॅडमनी, तुमचं तुम्ही बघा, असंच म्हटलं असतं. पण विचारायला तर कुणाची बंदी नव्हती. त्रिंबकशेठ उठले, त्यांचं पाकीट पेटीच्या फटीपाशी गेलं. त्यांच्या मागं भारतभाऊ उठले आणि मीही उठले.

"मॅडम, एक विचारू का?"

"भाभी, बसा खाली," भारतभाऊ म्हणाले.

"विचारा ना," मॅडम म्हणाल्या.

"कुटुंबवाल्यांच्या घरात पलंग धरायचे का न्हाई धरायचे?"

"म्हणजे काय?" मॅडम हसल्या. "राहायला तयार असं लिहिलंय आपण. पलंग असणारच."

त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही. त्रिंबकशेठचा हात फटीपाशी होता तो हळूच मागं आला. भगवानरावांनी पेपर घडी घालून ठेवला आणि स्वतःचं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, बाहेरून काही दिसणार असल्यासारखं. भारतभाऊ माझ्याकडं बघत होते आणि मी मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. मॅडमनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

"तुम्ही कुणीच धरले नाहीत?"

मॅडमनी समोरचा कागद पुढं ओढला.

"एकट्या माणसांच्या खोल्यांना धरलेत?"

"त्येंला धरले की," त्रिंबकशेठ म्हणाले.

"म्हणजे एकटा माणूस कॉटवर आणि नवरा-बायको फरशीवर?"

तेव्हा भगवानरावांनी सांगितलं, आणि पाण्याची टाकी कुठं आहे ते सांगावं इतक्या साधेपणानं सांगितलं. "म्याडम, आमच्याकडं पलंग पोरीचा बाप देत असतो."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी नाही दिला. आणि मी आणि माझे मिस्टर त्यातल्याच एका घरात राहायला येणार आहोत."

मला लाज वाटली, आणि गंमत बघा, ती कशाची हे मला नीट कळेना. पोरींच्या बापांना पलंग विकूनच तर आमचं घर चाललं होतं.

मॅडमनी घड्याळ बघितलं आणि अर्धा तास वाढवून दिला. पलंग, कपाटं, आरसे धरून आकडा नवा करा, जो ते करणार त्याचं नाव पानावर लिहा, आणि नंतर कसलीही सबब ऐकणार नाही, असं त्या म्हणाल्या. सगळे बाहेर पत्र्याच्या सावलीला आले. अंगावरून मोठं ओझं उतरल्यासारखं मला वाटायला हवं होतं, पण भारतभाऊ माझ्या समोर येऊन उभे राहिले होते.

"सगळ्यांला जागं केलंत तुमी," ते दातांवर दात धरून म्हणाले.

"तुमाला सगळ्यात आधी केलं होतं. गाडीत."

त्यांनी खिशातून पेन काढला. मी त्यांना पलंगाचा, कपाटाचा, आरशाचा आकडा दिला, खरा, पोचवणीसकट. त्यांनी लिहून घेतला. तिकडं त्रिंबकशेठ नगरच्या दुकानदाराला फोनवर फोन लावत होते आणि तो उचलत नव्हता. भगवानरावांचा मिस्त्री कुठं तरी वस्तीवर गेलेला, त्याला रेंजच नव्हती. ठेकेदाराला सळईचा भाव झोपेत विचारा, तो सांगेल, पण पलंगाला काय लागतं हे त्याला त्याच्या पोरीच्या लग्नाशिवाय कळत नाही.

अखेर त्रिंबकशेठनी तंबाखू थुंकली आणि ते माझ्याकडं आले. "तुमी पाशा मिस्त्रीच्या घरच्या ना? आमाला बी सांगा, भाभी. पलंगाचं काय धरू?"

"सांगायचं न्हाई," भारतभाऊ म्हणाले. "त्या माझ्यासंगं आल्यात."

त्रिंबकशेठ थांबले. भगवानरावही काठी टेकत जवळ आले. मी पिशवी छातीशी धरून उभी होते. गप्प बसले तर भारतभाऊंचं काम होण्याचा संभव वाढत होता, कारण बाकीच्या दोघांनी घाबरून आकडा भरमसाट चढवला असता. भारतभाऊंचं झालं तर सगळं सामान आमचं, सोफ्यापासून पडद्यापर्यंत. त्यांचं नाही झालं तर काहीच नाही. आणि सांगितलं तर? मी भारतभाऊंच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांनी गाडीत पाकीट मांडीखाली घेतलं तेव्हा माझ्याकडं एकदा जरी बघितलं असतं, तरी मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले असते. देवाशपथ राहिले असते.

"सांगते," मी म्हणाले. "पण पलंग, कपाट, आरसा आमचाच. पाशा मिस्त्रीचं नाव पानावर लिहायचं, मी सही करते. बाकीचं सामान तुमचं तुमी बघा."

"लिहितो की," त्रिंबकशेठ म्हणाले.

भगवानरावांनी नुसती मान हलवली आणि पेन माझ्या हातात दिला. दोघांना मी तोच आकडा दिला जो भारतभाऊंना दिला होता, एक रुपया कमी नाही आणि जास्त नाही. भारतभाऊंचं धरून तीन पानांवर तीन सह्या केल्या. तिसरी सही वाकडी आली. भारतभाऊ तोवर गाडीपाशी जाऊन पाठमोरे उभे होते.

साडेतीनला पेटी उघडली. मॅडमनी तिन्ही आकडे मोठ्यानं वाचले. भगवानराव सगळ्यात वर होते. भारतभाऊ मध्ये होते. काम त्रिंबकशेठना लागलं. पलंगांचा आकडा तिघांचा एकच होता, म्हणजे फरक पडला तो विटा-सिमेंटात, पण हे भारतभाऊंना त्या वेळी कोण सांगणार. मॅडमनी त्रिंबकशेठच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "हे पाशा मिस्त्री कोण?" मी म्हणाले, माझे मालक. त्यांनी सनमायक्याचे तुकडे बघितले आणि फिकट अक्रोडी रंग बाजूला काढला.

बाहेर आले तर भारतभाऊ गाडीत बसलेले, इंजिन चालू. माझा जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली त्यांनी फाटकाजवळच्या दगडावर नीट ठेवली होती.

"त्रिंबकनं तुमच्या रेटवर बाजी मारली," ते म्हणाले. "मी तुमाला घरून घेऊन आलतो, भाभी."

"व्हय. आन् पलंग माझ्या डोक्यावर टाकून घेऊन आलते."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं काहीतरी बोलतील, मीही बोलले असते, आणि कदाचित तिथंच मिटलं असतं. पण त्यांनी गाडी काढली आणि गेले. आता ते पुन्हा आमच्याकडून दारं घेणार नाहीत, हे मला गाडी दिसेनाशी व्हायच्या आधी कळलं. वाईट वाटलं. चूक माझी होती, हेही खरंच होतं.

मी डबा उचलला आणि फाट्याकडं चालायला लागले. ऊन उतरत होतं. फाट्यावर जीपची वाट बघत उभी असताना यांचा फोन आला. कारखान्याच्या फाटकाबाहेर होते, मागून ट्रकांचे आवाज येत होते.

"साहेब होकार मागताहेत," ते म्हणाले. "तिकडं काय झालं?"

"भारतभाऊला न्हाई मिळालं."

त्यांनी नुसतं हं केलं. मग म्हणाले, "बरं. मंग सोमवारी हजर होतो म्हणून सांगतो."

"सांगू नका. काम त्रिंबकशेठचं झालं, पण पलंग आपले हायत. पलंग, कपाटं, आरसे. चाळीस घरांचे. तुमचं नाव हाय पानावर."

'चाळीस घरांचे' हे त्यांनी माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

"पैसे कोण देणार?" त्यांनी विचारलं.

"कंपनी."

"कुण्या पोरीच्या बापाला फोन लावायचा न्हाई?"

"न्हाई. कुणालाच न्हाई."

"मंग हे पलंग पोचवायला टेम्पोत मी सोता जाईन," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता. "इतकी वर्षं दुकानातल्या पोरांला पाठवलं. तिथं पोरीचा बाप उभा राहतो, कर्ज काढून घेतलेला पलंग उतरवताना बघत. त्याच्या तोंडाकडं बघवत न्हाई, रुकसाना."

जीप आली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आणि मी त्याला हातानंच पुढं जा म्हणून सांगितलं. सगळ्या गल्लीला मी सांगत आले होते की आमच्या मिस्त्रींना टेम्पोत बसायचा कंटाळा आहे.